फाटक नुसतं लोटलेलं होतं

गेली चोवीस वर्षं मी आमच्या गावाला पाणी सोडतो. कागदावर मी ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी आहे. गावात मला पाणीवाला इष्णू म्हणतात. गाव येरमाळ्याच्या अलीकडं, महामार्गापासून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे त्यात गावाची चूक कमी आणि माझी जास्त आहे, आणि नाव छापलं की लोक गावाकडंच बोट दाखवतील.

काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. तलावाखालच्या विहिरीवरनं मोटारीनं उंच टाकी भरायची आणि टाकीतनं गल्लीगल्लीला पाणी द्यायचं. जमिनीत बारा ठिकाणी व्हॉल्व्ह आहेत. कमरेइतकी लांब लोखंडी चावी घालून तो फिरवला की त्या गल्लीला पाऊण तास पाणी. दिवसाला तीन गल्ल्या होतात, म्हणून एका घराची पाळी पाचव्या दिवशी येते. वीज रुसली तर आठव्या. पाण्याला जोर नाही, त्यामुळं बहुतेकांनी अंगणात कमरेइतका खड्डा खणून नळ त्यात खाली घेतला आहे. नळाला तोटी नसते. खड्ड्यात उतरायचं, घागर भरायची, वर द्यायची. तरण्या माणसाला यात काही नाही. सत्तरीच्या बाईनं एकटीनं हे कसं करायचं, याचा विचार खड्डे खणताना कोणी केला नाही. तेव्हा घराघरात पोरं-सुना होत्या.

या कामात एक गोष्ट कोणी शिकवत नाही, ती आपोआप येते. पाणी सोडून मी गल्लीतनं एक फेरी मारतो आणि दारापुढची गटार बघतो. गटारीत साबणाचं, भांड्याच्या राखेचं पाणी आलं तर घरात माणूस आहे आणि बरा आहे. काहीच आलं नाही तर भरणं चालू आहे. पण गटारीत स्वच्छ, भरपूर पाणी वाहायला लागलं, तर समजायचं, नळ चालू आहे आणि खाली घागर लावणारं कोणी नाही. मग डोकावून बघायचं. असं डोकावल्यामुळं दोन-तीन म्हातारी माणसं वेळेवर दवाखान्यात गेली. त्याचा मला अभिमान होता. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

कामाला लागलो तेव्हा नळावर भांडणं व्हायची. एका घरानं नळाला थेट मोटार लावली की शेजारच्या नळातनं नुसती हवा फुसफुसायची, आणि दोन्हीकडच्या बाया मला मधे घेऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आता भांडायला माणसं नाहीत. पोरं पुण्याला, चाकणला, कुणी हैदराबादला. गावात राहिले ते आईबाप. शाळेतनं निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत, ऐंशीच्या पुढचे, कानानं अधू, एकटे. त्यांच्या गल्लीला पाणी सोडलं की ते मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकापुढं धरून उभे.

“आज चार मिन्टं कमी सोडलास.”

“गुरुजी, तुमचा ड्रम भरून सांडायलाय की.”

“सांडू दे. नियम म्हंजे नियम.”

त्यांना पाणी नको असायचं. पाचव्या दिवशी का होईना, वाद घालायला कोणी तरी हवं असायचं. हे कळायला मला फार वर्षं लागली.

जी गोष्ट सांगायची आहे ती मागच्या गल्लीतली. तिथं अकरा घरं. सात घरांचे मालक बाहेर. कुलूप लावून घर खराब होतं म्हणून त्यांतल्या काहींनी खोल्या भाड्यानं दिल्या, आणि अशा तऱ्हेनं आमच्या गावात बाहेरची माणसं राहायला आली. एक राजस्थानी मिठाईवाला आला, महामार्गावरच्या ढाब्याचे दोन आचारी आले, आणि बिहारचे चार फरशी बसवणारे आले. बिहारींना काम देणारी आमचीच पोरं होती. शहरात जम बसला की गावाकडच्या घराला चकचकीत फरशी करायची, अशी टूम निघाली होती. स्वतः राहायचं नाही, पण घर चकचकीत पाहिजे.

त्या चौघांतला बिरजू पस्तिशीचा. बायको आणि दोन पोरी गावाकडं. त्याच्या खोलीला लागून सोजरबाईंचं घर. सोजरबाई पंचाहत्तरीच्या, नवरा वारलेला, एकुलता मुलगा अंकुश चाकणला कंपनीत. मी त्यांना मावशी म्हणतो. नात्यानं नाही, सवयीनं. वर्षानुवर्षं पाणी सोडल्यावर मी त्यांच्या खड्ड्यात उतरून चार घागरी भरून द्यायचो आणि त्या मला चहा द्यायच्या. त्या गल्लीत मी घरच्यासारखा होतो, आणि तसा आहे हे चारचौघांनी बघावं असंही मला वाटायचं.

बिरजू आल्यावर महिन्याभरात हे काम त्याच्याकडं गेलं. कुणी दिलं नाही, गेलं. मावशी घागर घेऊन खड्ड्याशी उभ्या असलेल्या त्यानं बघितल्या, कुंपणावरनं उडी मारून आला आणि खाली उतरला. मावशींना हिंदी येत नव्हती, त्याला मराठी येत नव्हती. मावशी त्याला भाकरी-पिठलं द्यायच्या आणि त्यानं तोंड कसं केलंय ते बघत बसायच्या.

“इष्णू, ह्ये बिहारी ठेचा खाऊन रडायलंय बघ,” एकदा त्या मला हसत म्हणाल्या. “तरी पुन्हा मागतंय.”

“माई मारने का सोची है,” बिरजू डोळे पुसत म्हणाला.

दोघंही हसत होते. मी चावी खांद्यावर टाकून फाटकात उभा होतो. त्या दिवशी मला चहा विचारायचा राहून गेला. मावशींच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. पन्नाशीचा माणूस एका कप चहासाठी मनात अढी धरतो, हे लिहिताना लाज वाटते, पण ते झालं, आणि पुढचं सगळं तिथनं सुरू झालं.

हिवाळ्याच्या तोंडाला शेजारच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईचे दागिने गेले. कुणी नेले ते कळलं नाही. पण मोबाइलवर निरोप फिरायला लागले, की बाहेरच्या टोळ्या एकट्या म्हाताऱ्यांना हेरतात. आमच्या पंचायतीत बैठक झाली. सरपंच म्हणाले, “इष्णू, तू घरोघर फिरतोस, तुझं लोक ऐकत्यात. म्हाताऱ्यांना सांग, बाहेरच्याला आत घ्यायचं न्हाय.”

व्हॉल्व्ह उघडण्याआधी हाळी द्यायची माझी पद्धत आहे, “पाणी सोडलं होऽ”. त्या आठवड्यात हाळीला मी हे शेपूट जोडलं. सरपंचांनी सांगितलं तेवढं हाळीतच झालं होतं. तरी मी मावशींच्या घरी मुद्दाम गेलो.

“मावशी, त्या बिहाऱ्याला आता अंगणात येऊ देऊ नका.”

“का रं? त्यानं काय केलं?”

“केलं न्हाय. पर काळ बरा न्हाय. तुम्ही एकट्या.”

“मग पानी?”

“म्या हाय की. म्या भरून देत जाईन.”

मावशींनी हातातली घागर खाली ठेवली. “तू म्हनतुस तर ठीक हाय,” त्या म्हणाल्या. त्यांना माझं पटलं नव्हतं. त्यांनी ते मानलं, एवढंच.

मग बिरजूला रस्त्यात गाठलं. “किसी के आंगन में पाँव नहीं रखने का. सरपंच का हुकूम है.” हुकूम तसा नव्हता. त्यानं विचारलं, “माई का पानी?” मी म्हणालो, “वो हम देखेंगे.” तो म्हणाला, “ठीक है भैया.”

पुढच्या दोन पाळ्यांना मी वेळ काढून मावशींचं पाणी भरून दिलं. चहा मिळाला. तिसऱ्या पाळीला विहिरीवरची मोटार बिघडली होती, सगळं उशिरा चाललं होतं. मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला आणि गटार बघायची फेरी न मारताच तसाच वेशीकडच्या व्हॉल्व्हवर गेलो, कारण तिथनं तीन वेळा फोन आला होता. मावशींना दिलेला शब्द माझ्या लक्षात होता. मी विसरलो असं सांगितलं तर सोपं जाईल, पण विसरलो नव्हतो. ‘थांबतील थोडं’ असं मी धरलं होतं.

वीसेक मिनिटांनी बिरजू पळत आला. हाताला सिमेंट लागलेलं होतं.

“भैया, माई की नाली में साफ पानी बह रहा है. बहुत देर से. बाहर से आवाज दिया, बोलती नहीं.”

गटारीची ही खूण मी त्याला कधी सांगितली नव्हती. त्यानं ती स्वतः ओळखली होती. आणि मला, त्या क्षणी, त्याचाच राग आला.

“तेरे को किसने बोला उधर ध्यान रखने को? गई होगी कहीं. जा, अपना काम कर. मैं आता.”

तो गेला. मी वेशीचा व्हॉल्व्ह नीट केला, एका माणसाशी बोललो, मग निघालो. पाऊण तास तरी गेला असेल.

गल्लीत पोचलो तेव्हा बिरजू मावशींच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा होता. कामावर गेला नव्हता. बाकी गल्लीत कोणी नव्हतं. समोरचे मुनीरचाचा डोळे दाखवायला कळंबला गेले होते. फाटकाला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि ते उघडलं.

मावशी खड्ड्यात होत्या. उतरताना पाय घसरून बसल्या होत्या, एक पाय अंगाखाली भलताच वळलेला. खड्ड्याच्या एका बाजूनं गटारीकडं चर काढलेला होता म्हणून पाणी छातीपर्यंतच आलं होतं. पदराचा बोळा करून त्यांनी नळात कोंबला होता आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बोटं पांढरी पडली होती. मी सोडलेलं पाणी त्या तासभर दोन्ही हातांनी अडवत बसल्या होत्या.

मला एकट्याला त्यांना उचलता येईना. मी ओरडलो, “बिरजू, अरे ये की!”

तो फाटकापर्यंत आला आणि थांबला.

“आ जाऊँ, भैया?”

हे दोन-तीन शब्द मला आजही रोज ऐकू येतात. मी ‘ये’ म्हणालो. तो आत आला, मावशींना काखेत हात घालून वर घेतलं, स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं.

जीपमधनं दवाखान्यात नेताना मी विचारलं, “मावशी, बिरजूनं हाक मारली ती ऐकू आली न्हाय का?”

“आली की.” दात वाजत होते. “चार येळा आली. माई, माई म्हनत हुता.”

“मग ओ का न्हाय दिली?”

मावशींनी डोळे मिटले. “तूच म्हनला हुतास न्हव, आत घ्यायचं न्हाय. ओ दिली असती तर आला असता त्यो.”

अंगावरचं जाकीट घट्ट धरून त्या म्हणाल्या, “तू येशील म्हनून बसले.”

मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळपर्यंत अंकुश चाकणहून आला. दवाखान्याच्या ओट्यावर सरपंच होते, पोलीस पाटील होते, गावातली चार माणसं होती. अंकुशला कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं. तो माझ्याकडं वळला.

“इष्णूमामा, तो बिहारी आमच्या फाटकापाशी काय करत होता?”

सगळे माझ्याकडं बघत होते. सांगायला फार नव्हतं. तो मला बोलवायला आला होता, मी त्याला हाकललं, आणि मी सांगितलं होतं म्हणून तो आत गेला नाही. तीन वाक्यं.

मी म्हणालो, “म्या आलो तवा त्यो बाहेर हुबा हुता.”

यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते तोंडातनं सहज गेलं. पोलीस पाटलांनी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, “बघा, म्हनलं न्हवतं?” काय म्हणलं होतं ते कुणी विचारलं नाही. दोन दिवसांत खोलीच्या मालकाचा पुण्याहून फोन आला, खोली खाली करा. कुणी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. चौघांनी फरशी कापायचं यंत्र टेम्पोत चढवलं आणि गेले. जाताना बिरजू माझ्याशी बोलला नाही, रुसून नाही. मी त्या वेळी मुद्दाम टाकीवर जाऊन बसलो होतो.

महिन्याभरानं अंकुश मावशींना चाकणला घेऊन गेला. त्या आता चौथ्या मजल्यावर असतात. चालता येत नाही. मी फोन केला की विचारतात, “मागल्या गल्लीला पानी कवा सोडलं?” मी सांगतो. मग बोलणं संपतं.

मुनीरचाचा शिंपी. त्यांना सगळं माहीत होतं, कारण जायच्या आधी बिरजू त्यांच्याकडं जाकीट रफू करायला घेऊन गेला होता. बरेच दिवस ते काही बोलले नाहीत. एकदा पाणी सोडून मी त्यांच्या दारात टेकलो, तेव्हा यंत्रावरनं नजर न काढता म्हणाले, “क्या रे इष्णू, तू बोल्या कायकू नहीं?”

मी खांद्यावरची चावी काढून भिंतीला टेकवली.

“मेरे अब्बा हुमनाबाद की तरफ से आए थे. इस गाव ने उनके हाथ में घर की किल्ली दी, चालीस साल लगे. उसको तो तुम लोगां ने चालीस दिन भी नहीं दिए.” मग धागा दातानं तोडून म्हणाले, “अब मेरा पानी कौन भरता, मालूम? कोई नहीं. वोच भरता था.”

मुनीरचाचांच्या घरीही तोच भरत होता, हे मला माहीत नव्हतं. मी वर्षानुवर्षं ज्या गल्लीच्या गटारी वाचत होतो, तिथली ही गोष्ट मला माहीत नव्हती.

बिरजू मुरुम गावात काम करतोय असं ढाब्याच्या आचाऱ्याकडनं कळलं. मी एस.टी.नं गेलो. एका दुकानात तो फरशीवर गुडघे टेकून बसला होता. मला बघून उठला, पाण्याची बाटली पुढं केली. साऱ्या प्रवासात जुळवलेलं मी भराभरा सांगून टाकलं: सरपंचाचा हुकूम तसा नव्हता, चहाचं, दवाखान्याच्या ओट्यावरचं. माझी मोडकीतोडकी हिंदी त्याला किती कळली कोण जाणे. चहाचं ऐकून तो जरा हसला.

“माई चलती है?”

“नहीं.”

त्यानं हातातल्या लाकडी हातोडीला चिकटलेलं सिमेंट अंगठ्यानं खरवडलं. मग म्हणाला, “गाँव में बताए हैं ये सब?”

“नहीं.”

“हमको बता के क्या होगा, भैया? हम तो थे वहाँ.”

तो पुन्हा गुडघ्यावर बसला आणि फरशी ठोकायला लागला. चिडून नाही, फरशीखालचा सिमेंटचा माल वाळत होता. मी निघालो.

पुढच्या ग्रामसभेला मी उठून उभा राहिलो. सभेला चौदा-पंधरा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. विषय होता टाकीच्या दुरुस्तीचा. मी म्हणालो, मला दुसरं बोलायचं आहे. आणि ती तीन वाक्यं बोललो. आवाज निघत नव्हता. पुढच्या बाकावरनं गुरुजी कानाला हात लावून म्हणाले, “ऐकू येईना. मोठ्यानं बोल.”

म्हणून मी ते पुन्हा, ओरडून सांगितलं. एकदा सांगणं जड असतंच. तेच ओरडून सांगताना कळतं, आपण काय केलं. मावशींनी हाक ऐकली होती, हेही सांगितलं.

सरपंचांनी समोरचे कागद सरळ केले. मी विचारलं, “त्याला परत बोलवायचं का? मागल्या गल्लीत खोल्या हायत.” कुणी नको म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. गुरुजी मात्र माझ्याकडं एकटक बघत होते.

“म्हंजे त्यो बाहेरनं हाक मारत हुता, आन् ती पान्यात बसून गप?”

“व्हय, गुरुजी.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“म्या पन गपच बसलो असतो,” ते म्हणाले.

सभा टाकीच्या दुरुस्तीकडं वळली. संपल्यावर गुरुजींना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते घड्याळाबद्दल, पाण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. दारात मी म्हणालो, “गुरुजी, आतनं कडी लावत जाऊ नका. काय झालं तर कुनाला तरी आत येता यावं.”

“कुनाला?” त्यांनी विचारलं.

मला नाव सुचेना. ते सावकाश उंबरा ओलांडून आत गेले. मी पायरीवरच होतो. आतनं कडी लागली.